डाळीच्या पोत्यापासून पेशीपर्यंत

रत्नागिरीत माझ्या मेहुण्यांचे धान्याचे दुकान आहे. गेल्या महिन्यात तेथे बसलो असता भाचीच्या पुढील शिक्षणाचा विषय निघाला. जीवरसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या या मुलीला पेशींतील संदेशवहनावर संशोधन करावयाचे आहे. मेहुणे म्हणाले, "अजून पाच-सहा वर्षे शिकून हाती काय लागणार? जमाखर्च मांडल्याशिवाय आपल्याला पटत नाही." भाची दाराशी उभी होती; ती काही बोलली नाही. मलाही त्या वेळी उत्तर सुचले नाही.

घरी परतल्यावर डॉ. कमला सोहोनी आठवल्या. त्या पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, विदुषी दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन 1933 मध्ये त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर: पहिले वर्ष परीक्षेचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम, आणि त्यांच्यामुळे इतरांचे लक्ष विचलित होता कामा नये. अपमान गिळून त्यांनी काम केले. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले आणि पुढे इतर मुलींनाही तेथे वाट मिळाली.

तेथे त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. नंतर केंब्रिजमध्ये त्यांनी बटाट्यावर काम केले. बटाटा आपल्यापैकी अनेकांच्या ताटात नसतो; पण त्याच्या पेशींत त्यांना 'सायटोक्रोम सी' हे प्रथिन आढळले. श्वसनक्रियेत इलेक्ट्रॉन पुढे पोहोचविणारा हा पेशीतील हमालच म्हणावा. वनस्पतीही याच मार्गाने श्वसन करतात, हे त्यावरून स्पष्ट झाले. अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर 1939 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक.

या कथेला पुढचा अध्याय आहे आणि तो भाचीच्या विषयाशी येऊन भिडतो. 1996 मध्ये शियाओडोंग वांग यांच्या गटाने अमेरिकेत दाखवून दिले की, प्राण्यांच्या पेशीत हेच प्रथिन आपली जागा सोडून बाहेर पडले, तर ते मृत्यूचा निरोप ठरते. बिघडलेली पेशी त्या निरोपाने स्वतःला शांतपणे संपविते. कर्करोगाच्या पेशी असे निरोप चुकवितात. म्हणूनच आज त्यांवर इतके संशोधन चालते. त्याच्या कितीतरी आधी कोणी हमाल ओळखून ठेवला नसता, तर त्याने आणलेला निरोप कोणाला कळला असता?

कमलाबाईंचे ज्ञान प्रयोगशाळेतच राहिले असेही नाही. मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांसह त्यांनी कडधान्यांतील, पचनाच्या ट्रिप्सिन या विकराला अडविणाऱ्या द्रव्यांचा शोध घेतला. उष्णतेने ही द्रव्ये बरीचशी नष्ट होतात. डाळ नीट शिजवावी, हा आपल्या आजीचा आग्रह उगाच नव्हता. नीरेच्या पोषणमूल्यावरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. 1966 मध्ये स्थापन झालेल्या कन्झ्युमर गाइडन्स सोसायटीत त्यांनी भेसळीविरुद्ध ग्राहकांना जागे केले आणि 1982-83 मध्ये तिचे अध्यक्षपद भूषविले.

व्यापाऱ्याने हे बारकाईने पाहावे. शुद्ध माल देणाऱ्या दुकानदाराला भेसळीची परीक्षा करणारा वैरी वाटत नाही. तो त्याच्या सचोटीचा साक्षीदार असतो. आणि संशोधनाची हुंडी पटण्यास कधी दोन पिढ्या लागतात. आपण झाडे लावतो, तीही नातवंडांसाठीच.

एवढे सारे मी मेहुण्यांना पत्राने कळविले. परवा त्यांचा फोन आला. होकार की नकार, ते काही बोलले नाहीत. एवढेच विचारले, "कुळथातही ते पचन अडविणारे द्रव्य असते का हो?"

मी म्हटले, "भाऊजी, ते मुलीलाच विचारा."