सीताबर्डीची बातमी कोणत्या गोटातून?

इतिहासातली एखादी लढाई घ्यायची, वर्गाचे दोन गट करायचे आणि प्रत्येकाने आपापल्या छावणीतून बातमीपत्र लिहायचे, हा शाळेचा प्रकल्प अमेरिकेच्या यादवी युद्धाला चांगला मानवतो. तिथे उत्तरेची वर्तमानपत्रे होती तशी दक्षिणेचीही होती. दोन्हीकडच्या शिपायांनी घरी धाडलेली पत्रे एकाच भाषेतली आहेत आणि आज ती छापील मिळतात. नागपुरात हा प्रकल्प द्यायचा तर लढाई हाताशी आहे, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची सीताबर्डीची. धंतोलीतल्या वर्गातून रणभूमीवर चालत जाता येते. अडचण आहे ती गोट ठरवण्याची.

लढाईच्या आधीची फाटाफूट वाड्यातली होती. दुसरे रघूजी भोसले २२ मार्च १८१६ रोजी वारले. मुलगा परसोजी अधू असल्यामुळे कारभार कोणाच्या हाती राहावा यावरून दोन तट पडले. एकीकडे रघूजींच्या पत्नी बाकाबाई आणि धर्माजी भोसले, दुसरीकडे पुतणे मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी बाजी मारली आणि मे १८१६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी अंथरुणात मृत सापडले आणि गादी आप्पासाहेबांकडे आली. म्हणजे ज्या पलटणींवर पुढे तोफा डागल्या गेल्या, त्या नागपुरात आल्या त्या आप्पासाहेबांनीच केलेल्या तहामुळे, भाऊबंदकीत पाठबळ हवे म्हणून. यादवी शोधायची तर ती इथे आहे, आणि तिचा वार्ताहर बाकाबाईंच्या दालनात बसवावा लागेल.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशवे आणि कंपनी यांची लढाई जुंपली. २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे उघड दरबारात स्वीकारली. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांनी इशारा ओळखला आणि तेलंगखेडीच्या छावणीतली फौज रेसिडेन्सीशेजारच्या बर्डीच्या टेकड्यांवर आणून बसवली. त्या वेळच्या वर्णनांत किल्ला नाही, दोन टेकड्या आणि त्यांना जोडणारी खोलगट धार आहे. दक्षिणेची टेकडी मोठी, उत्तरेची धाकटी. आजची भक्कम तटबंदी डोळ्यांसमोर ठेवून बातमी लिहिणारा विद्यार्थी पहिल्याच वाक्यात चुकेल.

लेफ्टनंट कर्नल स्कॉट यांच्या हाताखाली सुमारे १,३०० माणसे होती. त्यांत मद्रासच्या २० व्या आणि २४ व्या पायदळ पलटणी, बंगालच्या घोडदळाच्या तीन तुकड्या आणि चार तोफा. समोर भोसल्यांची १८,००० फौज, त्यांत ४,००० च्या आसपास अरब, आणि ३६ तोफा, असे इंग्रजी कागद सांगतात. विजेत्याच्या कागदात शत्रू नेहमीच थोडा जास्त भरतो, एवढी शंका दुसऱ्या गटाने अवश्य घ्यावी. २६ च्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला आणि रात्रभर चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी धाकटी टेकडी काबीज केली. तिथून मोठी टेकडी बंदुकीच्या टप्प्यात येत होती, त्यामुळे कंपनीचा डाव जवळपास संपला होता. तो दोन गोष्टींनी सावरला. कॅप्टन फिट्झजेराल्ड यांनी घोडदळ घेऊन खालच्या मैदानात मुसंडी मारली आणि भोसल्यांच्या तोफा हिसकावल्या. त्याच सुमारास धाकट्या टेकडीवर दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला. त्या गोंधळात पायदळाने टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत लढाई संपली. कंपनीकडचे मेलेले आणि जखमी मिळून ३६७, म्हणजे चारांतला एक माणूस पडला. जेंकिन्स यांचे सहायक सॉथबी मेलेल्यांत होते.

इंग्रजी गटाचे काम सोपे आहे. रेसिडेंटचे खलिते आहेत, पलटणींच्या नोंदी आहेत, १८२६ साली निघालेला ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास आहे. फिट्झजेराल्डच्या मुसंडीचा किस्सा तर इतक्यांनी रंगवला आहे की मुलांना फक्त उतरवून काढायचा मोह होईल.

मराठी गटाला तितका आयता माल नाही. मराठीत तेव्हा वर्तमानपत्रच नव्हते. ‘दर्पण’ निघाले ते १८३२ मध्ये. विद्यार्थ्याने पत्रकार नव्हे, दरबारी अखबारनवीस व्हावे आणि मोडीतल्या अखबाराच्या घाटणीने लिहावे, हे जास्त खरे होईल. हाताशी बखर आहे, काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची. पण ती लिहिली गेली जेंकिन्स यांच्याच सांगण्यावरून, आप्पासाहेब पदच्युत झाल्यानंतर. भोसल्यांच्या बाजूचा म्हणून जो साक्षीदार उभा करायचा, त्याला बोलावणारा रेसिडेंट आहे. म्हणून ती बखर टाकाऊ ठरत नाही. मात्र तिच्यातला आप्पासाहेब कोणाला वाचून दाखवायचा होता, हे प्रत्येक पानावर लक्षात ठेवावे लागते. पुढच्या शतकात यादव माधव काळे यांनी ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ लिहिला. मराठी गटाने सुरुवात तिथून करणे बरे.

खुद्द राजाची बाजू कोणती, हाही पेच आहे. पराभव होताच आप्पासाहेबांनी वकील पाठवून खेद कळवला आणि हल्ला आपल्या हुकुमाने झालाच नाही असे सांगितले. ते खरे मानले तर भोसल्यांच्या छावणीतून लिहिणाऱ्याने हल्ल्याचे श्रेय कोणाला द्यायचे? खोटे मानले तर तसे लिहून दरबारात नोकरी कशी टिकवायची? चांगला विद्यार्थी इथे अडखळेल, आणि अडखळला तर गुण वाढवून द्यावेत.

‘इंग्रज’ आणि ‘मराठे’ ही दोन नावे रणांगणावरच्या माणसांना पुरत नाहीत. टेकडीवर लढणारे बहुतेक शिपाई दक्षिणेतले, मद्रासच्या भरतीचे. २४ वी पलटण पूर्वी पहिली पलटण होती. १८०६ च्या वेल्लोरच्या उठावानंतर तिचा क्रमांक काढून घेण्यात आला होता. सीताबर्डीनंतर तो परत मिळाला. या शिपायाच्या तोंडून बातमी लिहिली तर तिच्यात नागपूरचे राज्य क्वचितच येईल. अकरा वर्षांपूर्वी गेलेली इभ्रत येईल. दुसऱ्या बाजूला भोसल्यांकडे सर्वांत चिवट लढले ते पगारी अरब. दोनाऐवजी चार वार्ताहर नेमले तर प्रकल्प अवघड होतो, पण मुलांनी लिहिलेले एकमेकांशी ताडून पाहण्याजोगे होते.

बहुतेक वर्णने २७ नोव्हेंबरला थांबतात, कारण विजेत्यांना तिथे थांबणे सोयीचे. नागपूरची लढाई महिनाभर पुढे चालली. जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन आले. १६ डिसेंबरला आप्पासाहेब रेसिडेन्सीत हजर झाले आणि त्याच दिवशी त्यांच्या सैन्याचा मैदानात पराभव झाला. पण अरबांनी शहर आणि वाडा सोडला नाही. २४ डिसेंबरला कंपनीच्या फौजेने जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या महालातल्या गांधी गेटवर, हल्ला केला आणि तो फसला. भोसल्यांच्या छावणीतून विजयाची बातमी धाडता येईल असा हा दिवस होता, पण तोवर राजा रेसिडेंटच्या ताब्यात होता. अरब उभे होते ते स्वतःच्या अटींसाठी. डिसेंबरअखेर त्या ठरल्या आणि ते बायकामुले व हत्यारे घेऊन शहराबाहेर पडले.