सादळलेले बदाम आणि घरातली वाटणी



वर्षावास सुरू झाला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. विहारातले ग्रंथवाचन, मुलांच्या चाचण्या, गळके पत्रे आणि डब्यात सादळलेल्या वस्तू, हेच विषय. या खेपेला चार-पाच पत्रांत एकच विचारणा आहे. मुलांसाठी थोडे बदाम आणले, पावसाळी हवेने ते मऊ पडले, तर घरच्या घरी भाजायचे कसे? एका भगिनीने मात्र वेगळेच विचारले आहे. तिच्या पत्राकडे येऊच. आधी कढई चुलीवर ठेवू.

बदाम भाजण्याआधी एक फोडून चाखून पाहावा. नुसता मऊ असेल तर भाजून पुन्हा कुरकुरीत होतो. पण खवट लागला तर त्यातले तेल बिघडले आहे, आणि बिघडलेले तेल कितीही भाजले तरी सुधारत नाही. उलट वास जास्त उठतो. दुकानदार सुटा माल देत असेल तर एक दाणा मागून चाखायला संकोच करू नये. पैसे आपण घाम गाळून मिळवलेले असतात. एखादा दाणा अगदी कडूजहर लागला तर लगेच थुंकून टाकावा. कडू बदामात असलेल्या द्रव्यापासून सायनाइड नावाचे विष तयार होते. भाजल्याने ते पूर्ण जाईल यावर विसंबू नये.

कढई जाड बुडाची घ्यावी. भाकरीचा लोखंडी तवा खोलगट असेल तर तोही चालतो. पातळ ॲल्युमिनियमच्या भांड्यात एका बाजूने करपतात आणि दुसऱ्या बाजूने कच्चे राहतात. बदाम एका थरात मावतील एवढेच घालावेत. साधारण १०० ग्रॅम एका वेळेस पुरे. आच मंद ठेवून आठ ते दहा मिनिटे हलवत राहावे. तेल, तूप काही लागत नाही. पाच-सहा मिनिटांनी वास सुटतो, मग बारीक तडतड ऐकू येते, सालीला कुठे कुठे भेग पडते.

इथेच बहुतेकींची फसगत होते. शेंगदाण्याची साल भाजली की सुटते, रंग दिसतो. बदामाची साल मुळातच तपकिरी, त्यामुळे वरून काहीच कळत नाही. म्हणून एक बदाम बाहेर काढून सुरीने मधोमध कापावा. आत पांढराशुभ्र असेल तर अजून कच्चा. भाजणीसारखा फिकट रंग आला असेल तर झाला. गडद तपकिरी झाला तर हातचा गेला, तो कडवट लागणार. गॅस बंद केला तरी तापलेली कढई आणि बदामातली उष्णता आपले काम चालूच ठेवतात, तेव्हा हवा त्या रंगाच्या जरा अलीकडेच उतरवून लगेच परातीत पसरावेत. गरम बदाम दाताखाली मऊच लागतो. तो गार झाल्यावर कुरकुरीत होतो. हे ठाऊक नसल्याने पुष्कळ जणी पुन्हा कढई चढवतात आणि सगळा घाणा करपवतात.

भट्टीवाला फुटाणे तापलेल्या वाळूत भाजतो. वाळू दाण्याला चहूबाजूंनी सारखी ऊब देते. तीच युक्ती घरी जाड्या मिठाने साधते. दोन वाट्या खडेमीठ कढईत चांगले तापवावे, त्यात बदाम घालून सहा-सात मिनिटे परतावे आणि चाळणीने चाळून घ्यावे. कोरड्या बदामाला मीठ फारसे चिकटत नाही. तेच मीठ बरणीत भरून पुढच्या वेळी वापरता येते. खारे बदाम हवे असतील तर वाटीभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून त्यात अर्धा तास बदाम ठेवावेत, निथळून कापडावर पंख्याखाली पूर्ण कोरडे करावेत आणि मग मंद आचेवर भाजावेत. यांना वेळ थोडा जास्त लागतो. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी १६० ते १७० अंशांवर दहा-बारा मिनिटे ठेवावेत, मध्ये एकदा हलवावेत. काप केलेले बदाम मात्र तीन-चार मिनिटांतच होतात, तेव्हा तिथून हलू नये. वैशाखी पौर्णिमेच्या खिरीत आपण काप घालतो ते कच्चेच घालतो. एकदा भाजून, खीर उतरवल्यावर वरून घालून पाहा.

आता ते पत्र. ही भगिनी चार घरची धुणीभांडी करते. मुलगा दहावीला, मुलगी नववीला. महिन्याला पाव किलो बदाम आणते. रोज रात्री सात-आठ बदाम भिजतात आणि सकाळी ते सगळे मुलाला जातात. सासूबाई मोजून देतात. मुलगी विचारत नाही, नुसती बघते. दवाखान्यात या भगिनीचे रक्त कमी असल्याचे सांगितले आहे. तिने आम्हांला विचारले आहे ते एवढेच: "भाजले तर जास्त दिवस पुरतील का?"

भाजल्याने बदाम वाढत नाहीत, थोडे पाणी उडून वजन कमीच होते. पण या पत्रातला खरा प्रश्न बदाम पुरण्याचा नाही, हे ती भगिनीही जाणते असे आम्हांला वाटते.

बदामाने बुद्धी वाढते, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. तथागतांनी कालामांना सांगितले होते की एखादी गोष्ट परंपरेने चालत आली किंवा पुष्कळ लोक सांगतात एवढ्यावरून ती खरी मानू नका. तो कस इथेही लावावा. बदाम पौष्टिक आहेत, यात शंका नाही. १०० ग्रॅम बदामांत सुमारे २१ ग्रॅम प्रथिने असतात, चांगली स्निग्धता असते, ई जीवनसत्त्व आणि कॅल्शियमही भरपूर असते. पण १०० ग्रॅम शेंगदाण्यांत प्रथिने सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे बदामापेक्षा थोडी जास्तच, आणि उष्मांक जवळजवळ तेवढेच. किमतीत मात्र बदाम कित्येक पटींनी महाग. सात बदाम खाऊन गणित सुटत नाही. बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते तेव्हा रात्री भूक लागली की पत्र्यावर पापड भाजून खात आणि पुन्हा वाचायला बसत, असे धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात आहे. उपाशी राहून शिकावे असे आम्ही म्हणत नाही. पण बदाम नाहीत म्हणून मूल मागे पडेल, ही धास्ती आईने मनातून काढावी.

आणि मुलीचे काय? १९५१ साली बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपद सोडले, त्याच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे रखडलेले हिंदू कोड बिल. त्यात मुलीच्या वारसाहक्काचा प्रश्न होता. त्यांची तसबीर ज्या भिंतीवर आहे, तिच्याखाली बसून मुलीला वगळून बदाम मोजले जावेत, हे आम्हांला बोचते. सासूबाईंचा राग नाही. त्यांच्या लहानपणी त्यांना तर भाकरीही उरलीसुरलीच मिळाली असेल.

आमची सूचना अशी. बदाम भिजवू नका, भाजून पूड करा. ५० ग्रॅम बदाम, २०० ग्रॅम शेंगदाणे, १०० ग्रॅम डाळे आणि ५० ग्रॅम तीळ. डाळे नुसते गरम करायचे, बाकी सगळे वेगवेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाचा वेळ निराळा. तीळ तर दोन मिनिटांत उडू लागतात. सगळे पूर्ण गार होऊ द्यावे, नाहीतर मिक्सरमध्ये तेल सुटून गोळा होतो. थांबून थांबून फिरवावे. खाताना किसलेला गूळ मिसळावा. रोज प्रत्येकाला दोन चमचे, आईलाही. बदाम मोजून एकाच्या हातावर ठेवता येतात. पूड एकदा मिसळली की त्यातले बदाम वेगळे काढून मुलाला देता येत नाहीत.

रक्त कमी असेल तर त्यावर मात्र बदामाचा भरवसा धरू नये. पालेभाजी, अळीव, कडधान्ये, वर लिंबू, आणि सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने नेमाने घ्याव्यात.

शेंगदाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे काढून टाकावेत. पावसाळ्यात हे जास्त जपावे. त्या बुरशीचे विष यकृताला बाधते आणि भाजून ते पुरते नाहीसे होत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा बदाम किंवा शेंगदाणा कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकून जीव जाऊ शकतो. त्यांना पूडच द्यावी, तीही दुधात किंवा खिरीत कालवून. एखाद्या मुलाला बदाम किंवा दाणे खाऊन अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली, तर घरगुती उपाय करत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

काही वाचक विचारतील, आपल्या वस्तीतल्या झाडाच्या बदामाचे काय? लाल पानांचा तो देशी बदाम. शाळेच्या आवारात त्याची फळे दगडाने फोडून खाल्ली नाहीत असे आपल्यात कोण आहे? त्याचा गर खाण्याजोगा असतो, भाजल्यावर चवीला चांगला लागतो. पण वाटीभर गर जमवायला अर्धा दिवस जातो. ती पोरांची मौज आहे, ती त्यांनाच करू द्यावी.

विदर्भ-मराठवाड्यातल्या भगिनींना गोडंबी ठाऊक आहे. बिब्याच्या आतला हा गर शिऱ्यात, लाडवात बदामाच्या जागी घालतात आणि तो खमंग लागतो. तो काढणाऱ्या बायांच्या हातांकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. बिब्याचे तेल कातडीवर उडाले की फोड येतात, व्रण राहतात. गोडंबी विकत घेताना घासाघीस करू नये, एवढे आम्ही सांगू.

भाजलेले बदाम कच्च्यापेक्षा लवकर खवट होतात, म्हणून पंधरा दिवसांपुरतेच भाजावेत. काचेची कोरडी बरणी, घट्ट झाकण, ओला चमचा नको. मधेच सादळले तर गरम तव्यावर दोन मिनिटे फिरवले की पुरे. पुढच्या अंकात गोडंबीचा शिरा देत आहोत. ज्यांच्या घरी बिबे फोडण्याचे काम चालते त्यांनी हात कसे जपतात आणि किलोमागे मजुरी काय मिळते, ते आम्हांला पोस्टकार्डावर जरूर कळवावे.