नाव दिबांचे, मागणी कोणाची?

जून २०२१ मध्ये पनवेल-उरणचे भूमिपुत्र हजारोंच्या संख्येने सिडकोवर चालून गेले. नवी मुंबई विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव नको, दि. बा. पाटील यांचे हवे, ही त्यांची मागणी. वर्षभराने, २९ जून २०२२ रोजी, सत्ता हातातून निसटत असताना महाविकास आघाडी सरकारने शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत दिबांचे नाव मंजूर केले. औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावेही त्याच बैठकीत बदलली. १६ जुलैला शिंदे सरकारने हेच निर्णय नव्याने घेतले. आधीचे सरकार अल्पमतात होते, हे कारण सांगितले गेले. पण श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर राहू द्यायचे नव्हते, हेही उघड होते.

दिबा कोण होते? शेतकरी कामगार पक्षाचे पनवेलचे पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. हयातीतला बराच काळ विरोधी बाकावर. १९७० पासून नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा योग्य मोबदल्यासाठी ते सरकारशी भांडले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला याच आंदोलनावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच शेतकरी हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना या रक्तातून आली.

८ ऑक्टोबर २०२५ च्या उद्घाटनात पंतप्रधानांनी दिबांचे स्मरण केले. गोळीबार कोणत्या सरकारच्या पोलिसांनी केला आणि कशासाठी, हे अशा भाषणांत येत नाही. सत्ताधाऱ्यांना भांडणारा दिबा नको असतो, फलकावरचा चालतो. फलक मोबदला मागत नाही.

आपल्याला हे नवे नाही. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, १९३३ साली चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला आणि तो सहा वर्षे चालवला. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी होते. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. काँग्रेस तेव्हा सत्तेत होती. विधेयक मंजूर झाले नाही. नंतर प्रत्येक पक्षाने बाबासाहेबांचे स्मारक केले, लंडनचे घरही सरकारने घेतले. पण कुणब्यांसोबत रस्त्यावर उतरलेले बाबासाहेब सरकारी जाहिरातीत कधी पाहिलेत?

म्हणून विमानतळाच्या नावाच्या आनंदात सामील होणाऱ्या आपल्या तरुणांनी दोन प्रश्न विचारावेत. गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न इतकी सरकारे बदलूनही का रेंगाळला? आणि भूखंडाचा हिशेब गेलेल्या जमिनीवर होतो, तर सातबाऱ्यावर ज्यांचे नावच नव्हते त्या आपल्या वस्त्यांच्या हाती काय पडले? यंदा जानेवारीत जासईला हुतात्म्यांना हार घालायला जे नेते येतील, त्यांना तिथेच विचारा.