सॅल्यूट कुणी कुणाला ठोकायचा?



शेलूबाजारच्या सडकेवर दिवस उगवायच्या आत पोट्टे धावतात. पायात झिजलेले बूट, डोक्यात भरती. सोळाशे मीटर किती मिनिटांत काढले, छाती किती फुगली, एवढाच हिशेब. धावा, दोस्तहो. पण धावता धावता एक सवाल डोक्यात घ्या. तुम्ही शिपाई व्हायला धावताय. तुमच्यावर हुकूम सोडणारा साहेब कुठं तयार होतो?

तो शाळेत तयार होतो. पुण्याच्या कँपात सेंट व्हिन्सेंट नावाची मुलांची शाळा आहे. जेझुइट पाद्र्यांनी १८६७ साली काढली. या पाद्र्यांच्या संघाचा संस्थापक, इग्नेशियस लोयोला, मुळात लढवय्या. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्याचा पाय मोडला, मग तो देवाकडं वळला. पण शिस्त फौजेचीच राहिली. त्यांच्या संघाच्या प्रमुखाला आजही जनरल म्हणतात. अशा शाळांत पोरगा गणित-भूगोल शिकतोच, पण कवायत करतो, टीमचा कॅप्टन होतो, वर्गाचा मॉनिटर होतो, स्टेजवर उभा राहून इंग्रजीत बोलतो. चाळीस पोरांना रांगेत उभं करायला शिकतो. सतराव्या वर्षी त्याला हुकूम देताना लाज वाटत नाही. आपल्या पोराला त्या वयात साहेबापुढं 'मे आय कम इन' म्हणताना घाम फुटतो. काहून? रक्तात फरक आहे म्हणून? रक्तात काही नसतं. सवय असते, आणि सवय शाळा लावते.

आता कुणी म्हणेल, लष्कर नि शाळा यांच्याशी तुमचा काय संबंध? ऐका. त्याच पुण्यात लष्कराचं नॉर्मल स्कूल होतं. तिथं रामजी सकपाळ मास्तरकी शिकले. पुढं महूच्या लष्करी शाळेत हेडमास्तर झाले, सुभेदार झाले. गावच्या शाळेनं आमच्या पोराला दारात उभं केलं नाही त्या काळात पलटणीत महार शिपायाची पोरं-पोरी अक्षर गिरवत होती. त्या घरातून बाबासाहेब आले. म्हणजे छावणीत शाळा दोन तऱ्हेच्या होत्या. एक पाद्र्यांची, एक पलटणीची.

पाद्र्यांची शाळा दीडशे वर्षं ओलांडून उभी आहे. आमची कुठं गेली? इंग्रजाला १८९२ च्या सुमाराला अचानक साक्षात्कार झाला की महार लढाऊ जात नाही. भरती बंद. १८१८ ला कोरेगावात मेले ते काय भजन करत होते? भरती गेली, तशी आमच्यापुरती शाळाही गेली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ ला अर्ज केला, शिवराम जानबा कांबळेंनी १९१० ला केला. गरज लागली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, गरज सरली तेव्हा १९२१ ला मोडली. शेवटी १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

या रेजिमेंटनं देशाला दोन लष्करप्रमुख दिले. कृष्णराव १९८१ ला, सुंदरजी १९८६ ला. दोघंही मोठे सेनानी, त्याबद्दल वाद नाही. पण दोघांतला एकही महार नव्हता. पलटणीला नाव आमचं, खांद्यावरचे तारे दुसऱ्याचे. गोदीतही मी हेच बघतो. गोणी ज्याच्या पाठीवर त्याचा घाम मोजत नाहीत, पेन्सिल ज्याच्या हातात त्याचा शब्द मोजतात.

पाद्र्यांना शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. ते आम्ही करणार नाही. याच जेझुइटांनी नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यांत शाळा काढल्या, तेही खरं. पण कँपात इंग्रजी आणि महारवाड्यात मराठी, ही फाळणी कुणाला साहेब करते नि कुणाला शिपाई, ते सांगायला मॅट्रिकसुद्धा व्हायला नको. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं खाजगी शाळेत २५ टक्के जागा गरिबाच्या पोरांना दिल्या. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं अल्पसंख्याकांच्या शाळांना त्यातून मोकळं केलं. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालावर शंका घेतली. अल्पसंख्याकांचा हक्क आम्हाला मान्य आहे, आम्हीही बहुसंख्याकांच्या लाथा खाल्ल्यात. पण येशूच्या नावानं चालणाऱ्या शाळेला गरिबाचं पोर घ्यायला कोर्टाचा हुकूम कशाला लागावा?

आणि बाकीचं कुंपण सरकारचं आहे. एनडीएची लेखी परीक्षा ९०० मार्कांची. पेपर इंग्रजीत नि हिंदीत, मराठीत नाही. त्यातले २०० मार्क निव्वळ इंग्रजीचे. ते पार केलं की मुलाखतीचे आणखी ९००, तिथं पाच दिवस तुमची बोली, चाल, धिटाई तपासतात. जी सवय शाळेनं लावायची ती नसली की फेल. राखीव जागा इथं नाहीत. आणि शिपायाच्या दारात २०२२ पासून अग्निवीर: चार वर्षं नोकरी, त्यातले फार तर २५ टक्के कायम, बाकीचे बिनपेन्शन घरी.

तेव्हा शेलूबाजारच्या आईबापांनो, पोरगं पाचवीत असतानाच जागे व्हा. सातारची सैनिक शाळा १९६१ ची, चंद्रपूरची २०१९ ची, आपल्या विदर्भातली. अनुसूचित जातीला १५ टक्के जागा, जमातीला साडेसात. सहावीची प्रवेशपरीक्षा मराठीतून देता येते. फॉर्म भरा. दहावी झालेल्या पोरांसाठी संभाजीनगरात सरकारची एसपीआय १९७७ पासून एनडीएची तयारी करून घेते. पोरींनाही एनडीएचं दार २०२२ पासून उघडलंय, त्यांनाही धावू द्या, त्यांनाही बोलू द्या. आणि जिल्हा परिषदेला विचारा: आमच्या शाळेत एनसीसी का नाही? इंग्रजीचा मास्तर का नाही? वसतिगृहात वाचनालय का नाही?

सॅल्यूट ठोकण्यात कमीपणा नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजूनं सॅल्यूट जात असेल तर ती शिस्त नव्हे, ती जात आहे. पोरांनो, पायांचा सराव चालू ठेवा. आता जिभेचाही सुरू करा.

जय भीम!