भांडी सांधणारा उपदेशक

दिवाळीच्या साफसफाईत माझ्या पुस्तकांच्या कपाटावर दर वर्षी संक्रांत येते. यंदाही आली. “यांतली वाचलीत किती आणि नुसती सांभाळलीत किती?” हा नेहमीचा प्रश्न विचारून झाला आणि सौ.च्या हाती एक जाडजूड इंग्रजी पुस्तक लागले.

“हा कोण बनियन?”

“इंग्लंडातला एक कल्हईवाला म्हण ना. बारा वर्षे तुरुंगात होता.”

“अगंबाई! चोरी केली?”

“नाही. प्रवचन केले.”

झाडू तिथेच थांबला आणि मला सगळी हकीकत सांगावी लागली. वाचकहो, तीच आज तुम्हांला सांगतो.

जॉन बनियन १६२८ साली बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावी जन्मला. बाप फुटकी भांडी सांधून पोट भरी. मुलाने तोच धंदा उचलला. पहिले लग्न झाले तेव्हा घरात धड ताट-चमचाही नव्हता. बायकोने माहेराहून आणली ती दोन धार्मिक पुस्तके! त्यांनी त्याचे मन धर्माकडे वळवले. पुढे तो बेडफर्डच्या एका स्वतंत्र मंडळीत शिरला, तिथे बोलू लागला आणि लोक ऐकायला गर्दी करू लागले.

१६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि राजमान्य चर्चबाहेर जमून उपासना करणाऱ्यांवर पुन्हा कायद्याची कुऱ्हाड पडू लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात एका खेड्यातल्या सभेत बनियनला पकडले. १६६२ साली नवा कायदा झाला : सरकारी प्रार्थनाग्रंथ पूर्णपणे मान्य करा, नाहीतर चर्च सोडा. १६६० ते १६६२ या काळात सुमारे दोन हजार पाळकांची घरे आणि वेतने गेली. चालून आलेले बिशपपद नाकारणारा विद्वान रिचर्ड बॅक्स्टर त्यांतलाच एक.

बनियनची सुटका मात्र त्याच्याच हाती होती. यापुढे प्रवचन करणार नाही, एवढे कबूल करायचे. त्याने ते केले नाही.

“आणि बायकोचे काय झाले?” सौ.ने विचारले.

खरा प्रश्न तोच. पहिली बायको वारली होती. दुसरी एलिझाबेथ नुकतीच घरात आलेली. पदरात सवतीची चार मुले, त्यांतली थोरली मेरी जन्मांध. नवऱ्याला पकडल्याच्या धक्क्याने तिचे दिवस अवेळी भरले आणि मूल दगावले. १६६१ च्या ऑगस्टात ही बाई बेडफर्डला न्यायाधीशांपुढे उभी राहिली. नवरा उपदेश सोडील का, असे त्यांनी विचारले. ‘हो’ म्हणणे किती सोपे होते! तोंडात वाचा आहे तोवर तो सोडणार नाही, असे तिने सांगितले आणि रिकाम्या हाताने परतली.

तुरुंगात बनियन टोकाला धातू बसवलेल्या नाड्या बनवून विकायला देई. बाहेर एलिझाबेथ लोकांच्या दयेवर दिवस काढी. आंधळ्या पोरीच्या आठवणीने जीव कसा तुटे, हे त्याने १६६६ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे. १६७२ मध्ये तो सुटला. १६७८ साली त्याचे यात्रेकरूचे जगप्रसिद्ध रूपक छापले गेले. १८४१ मध्ये हरि केशवजी यांनी ते ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणले. बनियन १६८८ साली वारला. अशा मंडळ्यांना उपासनेची कायदेशीर मुभा मिळाली ती पुढच्याच वर्षी.

सौ. क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “मी असते, तर तुम्हांला कबूल करायला लावले असते.”

“ती वेळच आली नसती. मी पहिल्याच दिवशी कबूल केले असते!”

दोघेही हसलो; पण माझे हसू फार टिकले नाही. ‘घरी बायकामुले आहेत’ असे म्हणून न पटणाऱ्या किती कागदांवर मी आजवर सह्या केल्या, ते मला ठाऊक आहे. सबब खोटी नव्हती. पण सही करण्यापूर्वी घरी येऊन तिला विचारावे, हे मला एकदाही सुचले नव्हते.

पुस्तक रद्दीत गेले नाही. सौ.ने ते पदराने पुसले आणि कपाटात दर्शनी भागी ठेवले.