शिवराईचे ठसे

जुन्या नाण्यांच्या दुकानांत शिवराया मांडलेल्या असतात, आणि त्यांतली जवळजवळ प्रत्येक शिवराई ‘राज्याभिषेकाच्या वेळची’ असते. विकणारास तसें म्हणण्यांत लाभ असतो, घेणारास तसें मानण्यांत आनंद असतो, आणि नाण्यावर तर उघड अक्षरें असतात : एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’, आणि भोंवतीं टिंबांचें कडें. एवढा साक्षीदार समोर असतां शंका कोण काढणार ? प्रस्तुत लेखकाचें म्हणणें असें कीं, शंका काढलीच पाहिजे. आणि ती फेडण्याचें साधन अक्षरांचा अर्थ हें नसून, तीं अक्षरें ज्या ठशांतून उमटलीं त्या ठशांची ओळख हें आहे. हें काम शाळेंतील चौकस मुलासही करतां येण्यासारखें आहे, म्हणून हा विषय येथें घेतला आहे.

नुसत्या अक्षरांवर विसंबतां येत नाहीं, याचें कारण इतिहासांतच आहे. शिवाजी महाराजांनीं ता. ६ जून १६७४ रोजीं रायगडावर राज्याभिषेक करवून घेतला आणि आपल्या नांवाचें नाणें पाडलें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु इ. स. १७०० मध्यें राजाराम महाराज निवर्तल्यावर ताराबाईंनीं ज्या पुत्रास गादीवर बसविलें, त्याचेंही नांव शिवाजीच होतें. ‘श्री राजा शिव’ हा मजकूर त्याच्याही नाण्यास तंतोतंत लागू पडतो. पुढें पेशवाईंत शिवराया निघतच राहिल्या. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली, तरी हें नाणें बुडालें नाहीं. इंग्रजी अमलाच्या पहिल्या वर्षांतही तें पाडलें जात होतें, आणि बाजारांत तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालत होतें. इतकीं वर्षें एकच मजकूर कोरला गेला, आणि त्यावर ना साल, ना टांकसाळीचें नांव ! अशा नाण्याकडे पाहून ‘हें महाराजांच्या काळचें’ असें एकदम म्हणणें म्हणजे, वंशावळींत एकाच नांवाचे चार पुरुष असतां, हातीं येईल तो कागद थोरल्याच्या नांवावर चढविण्यासारखें आहे.

यावर कोणी म्हणतील कीं, अक्षरांचें लेखन पहा म्हणजे झालें. कांहीं नाण्यांवर ‘शिव’ आहे, तर कांहींवर ‘सिव’. कोठें ‘पति’ ऱ्हस्व, कोठें ‘पती’ दीर्घ. कांहींवर दोन आडव्या रेघा आहेत, त्या शिवराईस लोक ‘दुदांडी’ म्हणतात. हे भेद खरे आहेत आणि आरंभीं नाण्यांचे ढीग पाडण्यास उपयोगीही आहेत. परंतु हे प्रकारांचे भेद झाले, ठशांचे नव्हेत; एकेका प्रकाराच्या पोटांत पुष्कळ ठसे असतात. शिवाय ‘सिव’ कोरणारा कारागीर आधींचा कीं नंतरचा, हें त्या ‘स’वरून कसें ठरावें ? दोन मुलांनीं पाटीवर एकच शब्द निरनिराळा लिहिला, तर त्यांतील वयानें वडील कोण हें कोणी त्यावरून सांगत नाहीं.

ठसा म्हणजे काय, हें आतां पाहूं. शिवराई हातानें ठोकलेली आहे. एक ठसा खालीं घट्ट बसविलेला, दुसरा कारागिराच्या हातांत, मधें तांब्याची चकती, आणि वरून घणाचा घाव. ठशावर अक्षरें उलटीं व खोल कोरलेलीं असतात, म्हणून नाण्यावर तीं सुलटीं व उंच उठतात. प्रत्येक ठसा हातानें कोरला जाई. सबब कोणतेही दोन ठसे हुबेहूब सारखे असूं शकत नाहींत. त्यांतून चकती बहुधा ठशाहून लहान, आणि ती बरोबर मध्यावर बसेल असा नेम नाहीं. एका नाण्यावर ‘श्री’ पुरती उठते तों ‘व’ बाहेर राहतो, दुसऱ्यावर नेमकें उलट होतें. संपूर्ण ठसा डोळ्यांपुढें आणावयाचा, तर त्याच ठशाचीं पांचसहा नाणीं जमवून त्यांचे तुकडे मनांत जोडावे लागतात. फुटलेल्या शिलालेखाचे दगड जुळवावे, तसेंच हें काम आहे.

नवशिक्यानें एक नियम आधीं पाठ करावा : नाण्यावर जें उंच आहे तें ठशाचें, आणि जें खोल आहे तें त्या एकट्या नाण्याचें. ठशाला तडा गेला म्हणजे ती भेग ठशांत खोल असते; अर्थात् नाण्यावर ती उंच रेघ होऊन उठते, आणि त्या ठशाच्या पुढील प्रत्येक नाण्यावर दिसते. उलट नाण्यावर खोल ओरखडा असेल, तर तो टांकसाळीबाहेर पडल्यावर लागलेला. त्याचा ठशाशीं कांहीं संबंध नाहीं. याच विचारानें इतरही घोटाळे सुटतात. घण दोनदां पडून मधें चकती सरकली, तर ‘श्री’च्या अंगावर दुसरी ‘श्री’ चढते. ठशांतील खांच मळानें बुजली, तर अक्षराचा कानाच नाहींसा होतो. हे अपघात पाहून ‘नवीन ठसा सांपडला’ अशी दवंडी पिटणारे संग्राहक कमी नाहींत.

आतां दोन नाणीं एकाच ठशाचीं आहेत कीं नाहींत, हें ठरवावें कसें ? अक्षरांची जाडी पाहूं नये, कारण झिजेनें व घावाच्या जोरानें ती बदलते. चकतीचा आकार पाहूं नये, रंग तर मुळींच पाहूं नये. पुढची बाजू सरळ धरली असतां मागची किती फिरली आहे, हेंही पाहूं नये; हातांतला ठसा प्रत्येक घावास थोडाबहुत फिरणारच. पहावयाचें तें एवढेंच कीं, अक्षरें एकमेकांपासून किती अंतरावर व कोणत्या कोनांत आहेत. ‘राजा’तील ‘रा’चा काना खालीं लांबविला, तर तो ‘शि’ व ‘व’ यांच्या मधून जातो कीं ‘व’च्या पोटांतून ? ‘छ’च्या गांठीपासून ‘प’च्या दांडीपर्यंत काढलेली रेघ कड्याच्या कोणत्या टिंबावर जाऊन आदळते ? दोन्ही नाण्यांचीं एकाच मापाचीं छायाचित्रें घ्यावीं, पातळ कागदावर हीं स्थानें टिंबून घ्यावीं, आणि एक कागद दुसऱ्यावर ठेवावा. तीनचार स्थानें चुकावयास लागलीं कीं ठसे वेगळे. सर्व जुळलीं, तर तीं दोन नाणीं एकाच ठशाखालून निघालीं, मग एक कोंकणांत सांपडलेलें असो व दुसरें खानदेशांत. भूमितीचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्या मुलांनीं हा प्रयोग अवश्य करून पहावा.

इतकी खटपट करून मिळतें काय ? मिळते ती कालाची सांखळी. पुढच्या बाजूचा एक ठसा ‘क’ असें समजा, व मागच्या बाजूचे ठसे १ आणि २. एका नाण्यावर ‘क’ची जोडी १ शीं आहे, दुसऱ्यावर ‘क’चीच २ शीं, आणि तिसऱ्यावर २ ची जोडी ‘ख’ या निराळ्याच ठशाशीं आहे. तर हीं तिन्ही नाणीं एकाच टांकसाळींतलीं व लगतच्या काळचीं, असें मानण्यास बळकट आधार मिळतो. आणि ‘क’बरोबर असतांना ठसा २ अखंड, पण ‘ख’बरोबर असतांना त्यास तडा गेलेला, असें दिसलें तर त्या दोन जोड्यांपैकीं आधींची कोणती हेंही ठरलें, कारण तडा वाढतो, बुजत नाहीं. अशा सांखळींतील एक दुवा जरी काल ठाऊक असलेल्या ठेव्यांतील नाण्याशीं जुळला, तरी सबंध सांखळीस काल लाभतो. ज्या नाण्यावर साल नाहीं, त्यास साल देण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मला तरी दिसत नाहीं.

असलें काम पार पडतें कीं नाहीं अशी ज्यांस शंका असेल, त्यांनीं अमेरिकेकडे पहावें. तेथील तांब्याचे मोठे सेंट १७९३ पासून निघूं लागले. त्यांवर साल आहे, राष्ट्राचें नांव आहे, टांकसाळीचे कागदही आहेत. तरीही एवढ्यावर तेथील लोक स्वस्थ बसले नाहींत. एडवर्ड मारिस यांनीं १८६९ मध्यें एकट्या १७९४ सालच्या नाण्यांच्या ठशांची यादी प्रसिद्ध केली, आणि एका ठशावरील मूर्तीस तर विनोदानें ‘दुहेरी हनुवटी’ असें नांव दिलें. त्याच सालच्या एका ठशाच्या कडेनें ९४ बारीक चांदण्या आहेत, आणि त्या कित्येक दशकें कोणाच्या लक्षांत आल्या नव्हत्या. पुढें १९४९ मध्यें विल्यम शेल्डन यांनीं या सेंटांच्या ठशांस जे क्रमांक दिले, ते आजही चालतात. मात्र याच शेल्डन यांनीं न्यूयॉर्क येथील एका नामांकित नाणकसंस्थेच्या संग्रहांतील उत्तम नाणीं उचलून त्यांच्या जागीं त्याच ठशांचीं हलकीं नाणीं ठेवल्याचें १९७७ मधील त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीस आलें. ठसा तोच असल्यामुळें यादीस फरक कळला नाहीं. कळला तो जुन्या छायाचित्रांमुळें, म्हणजे प्रत्येक नाण्याच्या स्वतःच्या ओरखड्यांमुळें.

आपल्याकडेही आरंभ झालेला आहे. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांनीं, ज्यांनीं पुढें महाराष्ट्रांतील संतांचीं चरित्रें इंग्रजींत आणलीं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजारों शिवराया तपासून त्यांचे प्रकार मांडले, आणि तो निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत छापला. निबंधास त्यांनीं ‘प्राथमिक अभ्यास’ असें नांव दिलें. तें नांव नम्रतेचें होतें खरें, परंतु त्यांत पुढील पिढ्यांस दिलेलें कामही होतें. प्रकारांपासून ठशांपर्यंत जाण्याचें तें काम व्हावें तितकें झालेलें नाहीं, आणि महाराजांच्या नांवाचा अभिमान मात्र दिवसेंदिवस वाढत आहे. अभिमानास माझी हरकत नाहीं. पण ज्या नाण्याविषयीं अभिमान धरावयाचा तें निरखून पाहण्याचे श्रम घेऊं नयेत, हें कसें?

हे श्रम घेण्यास साधन शिल्लक राहिलें पाहिजे. चिंचेनें किंवा लिंबानें नाणें घांसून लख्ख करण्याची आपली संवय वाईट आहे. त्या आंबटांत बारीक भेगा, टिंबें, अक्षरांच्या कडा, सारें विरघळून जातें. त्याहून वाईट म्हणजे नांगराखालीं निघालेला ठेवा भावाभावांत वांटून टाकणें, किंवा मूठमूठ विकणें. १८७८ च्या कायद्यानें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास कलेक्टरास कळविणें बंधनकारक आहे. कायदा नसता तरी ठेवा एकत्र रहावयास हवा, कारण एका मडक्यांतील नाणीं एकमेकांचे साक्षीदार असतात, व पांगलीं कीं तीं मुकीं होतात. बनावट नाण्यांवरही याच विद्येचा इलाज आहे. ठसा एक असला तरी चकती प्रत्येक वेळीं वेगळी असते. तिची कड वेगळी फाटते, छाप वेगळ्या जागीं बसतो. म्हणून दोन शिवरायांची अक्षरें जुळून शिवाय कडेचे खोंक आणि अंगावरील ओरखडेही जुळले, तर त्यांतील एक तरी ठोकलेली नसून सांच्यांत ओतलेली आहे असें खुशाल समजावें. अशा जुळ्यांना पाहून दुकानदार दुप्पट किंमत सांगतो, ही गोष्ट वेगळी.

ज्या मुलांच्या घरीं आजोबांच्या पेटींत शिवराया असतील, त्यांनीं त्या घांसूं नयेत व विकूं नयेत. प्रत्येकीचें वजन करावें, दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें एका बाजूनें तिरपा उजेड पाडून घ्यावीं, सोबत मोजपट्टी ठेवावी, आणि ती कोणत्या गांवांतून घरीं आली हें वडीलधाऱ्यांस विचारून वहींत लिहून ठेवावें. मागल्या पानावर अक्षरांच्या स्थानांचा पातळ कागद चिकटवावा. अशा दहा वह्या एका वर्गांत झाल्या, तर जुळवाजुळवीस आरंभ करण्यापुरतें साहित्य आपल्या शाळेंतच आहे.