निळं झालं म्हणजे भेसळ नव्हे

दसरा-दिवाळी तोंडावर आली की मोबाइलवर तेच व्हिडिओ फिरू लागतात. पनीरच्या तुकड्यावर कुणीतरी तपकिरी थेंब सोडतो, तुकडा काळा-निळा पडतो आणि मागून आवाज येतो, ‘बघा, काय खाताय तुम्ही!’ मग शेजारपाजारचे तो व्हिडिओ घेऊन माझ्या नांदेडच्या घरी येतात. माझी नोकरी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. पद प्रयोगशाळा परिचराचं, पोरांच्या तोंडी नाव ‘मामा’. स्लाइड धुणं, बाटल्या भरणं, स्पिरिटचा हिशेब ठेवणं हे माझं काम. सर लोक शिकवायचे, मी बघायचो. त्या बघण्याच्या जोरावर सांगतो : आयोडीनच्या थेंबाला एकच गोष्ट कळते, इथं स्टार्च आहे की नाही. भेसळ, विष, असली-नकली यातलं त्याला काही कळत नाही.

स्टार्चमध्ये अमायलोजच्या लांब साखळ्या असतात, स्प्रिंगसारख्या वेटोळ्या. त्या वेटोळ्यांत आयोडीन शिरून बसलं की रंग निळा-काळा दिसतो. गरम केलं की रंग उडतो, गार झालं की परत येतो. कूर्त्वा नावाच्या फ्रेंच माणसाला समुद्री शेवाळाच्या राखेत आयोडीन सापडलं 1811 मध्ये आणि स्टार्चशी त्याचा हा रंग 1814 पासून ठाऊक आहे. म्हणजे गोष्ट काही नवी नाही.

आता हळद घ्या. आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती चोख हळद पाण्यात कालवून वर आयोडीन टाका, काळपट होईल. हळकुंड म्हणजे जमिनीतलं खोड, त्यात स्टार्चचा साठा असणारच. अन्नसुरक्षेचे नियमच हळद पावडरीत 60 टक्क्यांपर्यंत स्टार्च मान्य करतात. बेसनात वाटाण्याचं पीठ मिसळलंय का, तेही हा थेंब सांगू शकत नाही, कारण दोन्ही निळीच होणार. डबीतला हिंग तर पीठ आणि डिंक घालूनच बनवतात.

दूध, खवा, पनीर, लोणी यांत मात्र स्टार्चचं मुळात काही काम नाही. तिथं रंग आला तर शंका घ्यायला जागा आहे. पण दुधातला युरिया आयोडीनला दिसत नाही, खव्यातलं डालडाही दिसत नाही. तेल आणि दूध पावडरीचं ‘ॲनालॉग’ पनीर स्टार्चशिवाय बनलेलं असेल तर थेंब तपकिरीच राहील आणि तुम्ही निर्धास्त होऊन खाल. उलट चांगलं पनीर कॉर्नफ्लोअरमध्ये घोळून तळलेलं असेल तर ते काळं पडेल आणि हॉटेलवाल्याची बिचाऱ्याची अब्रू जाईल.

2025 च्या एप्रिलमध्ये असंच झालं. एका यूट्यूबरने मुंबईच्या बड्या हॉटेलांतल्या पनीरवर आयोडीन टाकलं, एका ठिकाणचं काळं पडलं आणि देशभर गलका झाला. हॉटेलने खुलासा केला, की या चाचणीने स्टार्च कळतो, पनीरचा अस्सलपणा नाही. आणि पदार्थात सोयाचे घटक असल्याने रंग येणारच. पहिला भाग सोळा आणे खरा. दुसऱ्या भागावर मात्र लातूरच्या पोराने लगेच विचारायला हवं, कुठलं सोया? सॉसमध्ये गव्हाचा अंश असू शकतो. पण नुसत्या सोयाबीनने रंग येत नाही.

हे लातूरच्या पोराला कळायला हवं, असं मी म्हणतो, कारण एका तुकडीला ते माझ्यासमोर कळलं होतं. सरांनी तीन पिठं ठेवली होती : तुरीचं, हरभऱ्याचं आणि सोयाबीनचं. निम्म्या पोरांनी थेंब टाकायच्या आधीच जर्नलमध्ये तिन्हींपुढे ‘निळा’ लिहून टाकलं. तूर निळी झाली, हरभरा निळा झाला, सोयाबीन तसंच पिवळट-तपकिरी. एका मुलीचे वडील सोयाबीन घेऊन लातूरच्या मोंढ्यात येणारे. ती म्हणाली, ‘मामा, बाटली खराब झाली.’ मी दुसरी बाटली काढून दिली. परत तेच. मग सरांनी सांगितलं, शेंग हिरवी असते तेव्हा सोयाबीनच्या दाण्यात स्टार्च असतो. दाणा पक्व होईपर्यंत तो जवळजवळ संपतो आणि उरतं ते तेल आणि प्रथिन. पोरीने जर्नलमधलं ‘निळा’ खोडलं. नोकरीत खोडाखोड झालेली जर्नलं मी फार कमी पाहिली. बाकीची सगळी एकाच वहीवरून उतरवलेली, स्वच्छ आणि सारखी.

माझी तक्रार इथं आहे. परीक्षेच्या तयारीच्या लातूर पॅटर्नचा मी द्वेष्टा नाही. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी तो उभा केला. त्या पॅटर्नने कोरडवाहू शेतकऱ्यांची लेकरं डॉक्टर केली. आता नांदेडनेही तीच वाट धरली आहे. पण नीटचे गुण 720, त्यातले 360 जीवशास्त्राचे आणि प्रयोगाचा गुण एकही नाही. बारावीला प्रात्यक्षिकाचे 30 गुण आहेत, ते मिळतातच असं सगळे गृहीत धरतात. मग पोरं दिवसभर ट्यूशन एरियात आणि कॉलेजात फक्त नाव. एक्स्टर्नल यायच्या आदल्या आठवड्यात जर्नलवर सह्या होतात. मी जूनमध्ये भरलेली आयोडीनची बाटली फेब्रुवारीत तशीच, बुचाला धूळ.

‘क्रान्झ ॲनाटॉमी’ विचारा, झोपेतून उठवलं तरी पोरगं व्याख्या म्हणेल. ज्वारी सी-फोर वनस्पती आहे, हेही सांगेल. त्याच्या बापाच्या रानात रब्बीची ज्वारी उभी असते. भर दुपारी त्यातलं एक पान तोडा, ब्लेडने आडवा, कागदाहून पातळ काप घ्या, स्लाइडवर आयोडीनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. प्रत्येक शिरेभोवती पेशींचं कडं काळं-जांभळं दिसतं, आत स्टार्चचे दाणे गच्च, आणि कड्याबाहेरच्या पेशी फिक्या. तीच ती क्रान्झ. कांद्याची पात घेतली तर जवळजवळ काहीच दिसत नाही, कारण कांदा पातीत स्टार्च साठवतच नाही, साखर साठवतो. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोराने हे डोळ्यांनी पाहिलेलं नसावं, याची मला लाज वाटते.

अर्धापूरची केळीही हाताशी आहेत. कच्च्या केळात गराचा जवळजवळ पाचवा हिस्सा स्टार्च, पिकलेल्यात एक-दोन टक्के. हिरव्या, पिवळसर आणि ठिपके पडलेल्या केळाच्या चकत्या शेजारी ठेवून थेंब टाकले की रंग कसा उतरत जातो ते सातवीच्या वर्गालाही दिसतं. खर्च शंभराच्या नोटेत भागतो. मेडिकलमधलं जखमेवरचं पोव्हिडोन आयोडीन पाणी घालून चालतं.

प्रयोग टाळायला संस्थाचालकांची नेहमीची सबब स्पिरिटची. रेक्टिफाइड स्पिरिटला उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, हे खरं. पण ते लागतं अख्ख्या पानातलं हरितद्रव्य काढायला, आणि त्यालाही आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. फक्त ते उघड्या जाळावर धरायचं नाही, ज्योत विझवून गरम पाण्याच्या भांड्यात नळी ठेवायची. ज्वारीच्या कापाला, केळाला, पिठाला तर स्पिरिट लागतच नाही.

ज्यांना पनीरची खरोखर शंका आहे त्यांनी कायद्याचा आधार घ्यावा. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 च्या कलम 40 प्रमाणे साधा ग्राहकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. मात्र विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. माल नियमात बसत नाही असं ठरलं तर फी परत मिळते.

आणि प्राचार्यांना एक विनंती. यंदा ज्वारी पोटरीत येईल तेव्हा अकरावीच्या प्रत्येक तुकडीला एक दुपार प्रयोगशाळेत बसवा. पालकांनी त्या दिवशी ‘क्लास बुडाला’ म्हणून फोन करू नये.